हात न लागलेला सेट

जुन्या स्टिरिओ रिसीव्हरचं बटण दाबलं की आवाज लगेच येत नाही. डायल उजळते, मीटरचे काटे एकदा थरथरतात आणि चार-पाच सेकंदांनी आतून 'टक्' असं ऐकू येतं. मग गाणं सुरू होतं. ती टक् म्हणजे रिले. अॅम्प्लिफायरच्या आउटपुटवर डीसी व्होल्टेज आलेलं नाही ना, हे पाहणारं एक छोटं सर्किट आत असतं. त्याची खात्री पटली की रिले ओढला जातो आणि स्पीकर जोडले जातात. डीसी दिसलं तर रिले ओढला जातच नाही, कारण ते स्पीकरपर्यंत पोचलं तर स्पीकरची कॉइल जळते. 'सेट मेला' म्हणून माळ्यावर गेलेल्या कितीतरी रिसीव्हरांचं खरं दुखणं एवढंच असतं. ते मेलेले नसतात, स्पीकर वाचवण्यासाठी थांबलेले असतात.

माझ्या आत्याकडचा पायोनिअर एसएक्स-७५० असाच थांबून राहिला होता. आतोबा कुवेतला होते. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात बांधकामं निघाली आणि कोकणातून माणसं तिकडे जाऊ लागली, त्या सुरुवातीच्या मंडळींतले ते. सुट्टीवर येताना त्यांनी हा सेट आणला, तेव्हा असल्या वस्तूंच्या आयातीवर आपल्याकडे कडक निर्बंध होते. वाडीतली माणसं तो नुसता बघायला यायची, असं आत्या सांगते. रुपेरी अॅल्युमिनियमचा दर्शनी भाग, लाकडी पेटी, डायलमागचा तो कोमट उजेड. बघण्यासारखा होताच.

या सेटचा निम्मा जीव एफएममध्ये आहे. लांबलचक पट्टी, एक मीटर सिग्नलचा जोर दाखवायला, दुसरा आपण केंद्राच्या बरोबर मध्यावर आहोत का ते दाखवायला. आणि आपल्या देशात एफएम सुरू झालं १९७७ साली, तेही मद्रासला. खासगी केंद्रं आली २००१ पासून. म्हणजे आत्याच्या घरात वर्षानुवर्षं त्या पट्टीवर काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तरी नुसती खरखर. सेट वाजायचा तो टर्नटेबलवर, कॅसेट डेकवर आणि रात्री मीडियम वेव्हवर. पुढे एफएम आलं तोवर तो बंद पडून माळ्यावर गेलेला होता.

"वाजेल न वाजेल ते तू बघ," आत्या फोनवर म्हणाली, "पण बंद पडल्यापासून ह्यांनी तो कुणाला उघडू दिला नाही हो. आत कुणाचा हात लागलेला नाही."

घरी दुरुस्ती करणाऱ्याला याहून मोलाचं वाक्य ऐकायला मिळत नाही. माझी सगळी नोकरी टेस्टिंगमध्ये गेली आणि निवृत्तीनंतर मागच्या खोलीतलं टेबल हेच माझं दुकान आहे. तिथे आलेले बरेचसे सेट आधी कुणीतरी 'दुरुस्त' केलेले असतात. फ्यूजच्या जागी जाड तार, जळक्या ट्रान्झिस्टरच्या जागी हाताला लागला तो ट्रान्झिस्टर, जास्त तापवल्यामुळे बोर्डावरून सुटून आलेले तांब्याचे पट्टे, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे एफएमच्या कॉइलींचे पिळलेले गाभे. मूळचा बिघाड शोधायला तासभर लागतो; या हातांचे माग काढायला आठवडे जातात. हात न लागलेल्या सेटमध्ये सर्किट डायग्राम आणि समोरचा बोर्ड एकमेकांशी खोटं बोलत नाहीत. जे बिघडलं ते काळानं बिघडवलेलं असतं, आणि काळाच्या सवयी ठरलेल्या आहेत.

पेटी जड होती. त्या काळचे रिसीव्हर जड का, याचं एक कारण कायद्यात आहे. अमेरिकेत कंपन्या वाटेल ते वॅट छापायच्या. १९७४ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं नियम केला की आकडा छापायचा तर तो दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालवून, सतत दिलेल्या ताकदीचा हवा, आणि मोजण्याआधी सेट तासभर एक तृतीयांश ताकदीवर चालवून तापवलेला हवा. असं तासभर तापून निघायचं तर मोठा ट्रान्सफॉर्मर आणि भरपूर हीट सिंक लागणारच. जपानी कंपन्यांनी ते घातले आणि मग चढाओढच लागली. १९७६ साली पायोनिअरचा एसएक्स-१२५० आला १६० वॅटचा, १९७८ साली एसएक्स-१९८० आला २७० वॅटचा, प्रत्येक चॅनेलला. आत्याचा सेट ५० वॅटचा, म्हणजे त्या घराण्यात मधला. पण ते ५० वॅट खरे आहेत. पुढे आपल्या बाजारात डब्यांवर हजारो वॅट पीएमपीओ छापलेले सेट आले, तेव्हा ज्यांनी असा एखादा ५० वॅटचा सेट ऐकला होता ते फसले नाहीत.

असा सेट हाती आला की पहिलं काम म्हणजे तो चालू न करणं. झाकण काढायचं आणि बघत बसायचं. चांगला टॉर्च, भिंग, जमलं तर सर्व्हिस मॅन्युअल शेजारी उघडं, आणि प्रत्येक कोपऱ्याचे फोटो. वासही घ्यायचा. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर गळला असेल तर मासळीचा हलका वास येतो, तापलेल्या रेझिस्टरखालचा बोर्ड तपकिरी झालेला असतो. आत्याच्या सेटमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या कडेला पालीच्या अंड्यांची दोन पांढरी कवचं चिकटलेली होती, हीट सिंकच्या फटींत गवताच्या काड्या आणि सगळीकडे कोकणच्या दमटपणाचा मऊ, हाताला चिकटणारा थर. ब्रश आणि हवेनं हळूहळू ते निघालं. खालून आला तो बोर्ड नव्या बोर्डाइतका स्वच्छ.

पुढची गोष्ट मी भिंगाखाली पाहिली. त्या काळच्या जपानी कारखान्यांत मोठे कंडेन्सर हलू नयेत म्हणून बुडाशी फिक्या रंगाचा गोंद घालत. नवा असताना तो निरुपद्रवी असतो. वर्षं आणि उष्णता मिळून तो गडद होत जातो, कडक होतो, हवेतला ओलावा ओढतो, आणि मग दोन वाईट कामं करतो: वीज थोडीथोडी वाहू देतो आणि ज्या धातूला चिकटला आहे तो खातो. पॉवर सप्लायच्या बोर्डावर असा एक ठिपका चिक्कीच्या रंगाला आला होता. त्याच्या कडेला एक झेनर डायोड उभा. गोंदात बुडालेल्या पायावर हिरवट काळी पूड. चिमट्यानं डायोडला नुसता स्पर्श केला आणि पाय तिथेच तुटला. वरून पाहताना तो डायोड पूर्ण ठणठणीत दिसत होता. अल्कोहोलनं भिजवून, बांबूच्या टोकदार काडीनं तो गोंद कणाकणानं खरवडायला लागतो. धातूचं हत्यार घेतलं तर खालचा हिरवा लेप आणि तांबं दोन्ही जातात. या कामात मला कधी कंटाळा येत नाही. कोकणातल्या प्रत्येक पावसाळ्यानं त्या ठिपक्याला पाणी पाजलं असणार, हे डोळ्यांसमोर दिसत असतं.

आता मुद्द्याचं. जुन्या सेटांची हौस असलेल्यांत एक पद्धत रूढ झाली आहे: सेट उघडला की सरसकट सगळे कंडेन्सर बदलायचे. मला ही पद्धत पटत नाही आणि हे मी जोर देऊन सांगतो. प्रत्येक सांधा उकलताना बोर्डाला उष्णता बसते, जुना पट्टा सुटायची शक्यता असते, एखादा उलटा बसायची शक्यता असते, आणि शंभर बदल एकदम केल्यावर सेट बोलला नाही तर बिघाड जुना की नवा हेही कळत नाही. कंडेन्सर वयानं मरतो हे खरं, पण त्याहून जास्त तो उष्णतेनं मरतो. म्हणून आधी जिथे गरम होतं तिथे जायचं. पॉवर सप्लायमधले, तापणाऱ्या रेझिस्टरांना आणि रेग्युलेटर ट्रान्झिस्टरांना खेटून उभे असलेले मी सगळे बदलले, १०५ अंशांचे घातले, व्होल्टेज मूळचं किंवा त्याहून वरचं. बाकीचे मीटरवर तपासले आणि जे उतरले होते तेवढेच काढले. दोन मोठे फिल्टर कंडेन्सर फुगलेले नव्हते, गळलेले नव्हते, पुढे लोडवर रिपल मोजला तोही कमी होता. ते तसेच ठेवले. अनेकांना हे धाडस वाटेल. मला आकडे दिसत असताना चांगली वस्तू काढून फेकणं हे धाडस वाटतं.

याच कारणानं मी तारांनाही हात लावला नाही. या सेटच्या बोर्डांवर चौकोनी खांब आहेत आणि तारा त्यांना सोल्डर न करता यंत्रानं ताणून गुंडाळलेल्या आहेत. खांबाच्या धारदार कडा तारेत रुततात आणि तिथे हवाही शिरत नाही इतका घट्ट स्पर्श होतो. बाहेरून तार काळवंडली होती, पण मीटर लावला तर जोड नव्यासारखा. ज्यानं कुणी कारखान्यात तो जोड केला त्याचं काम इतक्या वर्षांनी मी मोजत होतो आणि ते पास होत होतं.

चालू करायची वेळ आली तेव्हा मागचा व्होल्टेज सिलेक्टर २४० वर आहे का ते आधी पाहिलं. आखातात विकल्या गेलेल्या या मॉडेलांना तो असतो. मग सिरीज बोर्ड. घरी काम करणाऱ्यानं बाकी काही घेतलं नाही तरी चालेल, पण हा हवा. सेटच्या वायरीत साधा १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये बसवायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सेट वाचतो. सगळं ठीक असेल तर फिल्टर कंडेन्सर भरेपर्यंत क्षणभर उजळतो आणि मंदावतो. एलईडी बल्बाचा इथे उपयोग नाही, म्हणून मी पिवळ्या बल्बांचा साठा करून ठेवला आहे.

बल्ब उजळला, मंदावला. डायल लागली. टक् आलं नाही.

मीटरचे पिन रिलेच्या अलीकडे, अॅम्प्लिफायरच्या आउटपुटवर धरले. डावीकडे काही मिलिव्होल्ट, म्हणजे निर्दोष. उजवीकडे अडीच व्होल्टच्या वर, आणि तेही स्थिर नाही, वरखाली सरकणारे. पन्नास मिलिव्होल्टच्या आत हवं तिथे अडीच व्होल्ट. रिले थांबला होता तो बरोबरच थांबला होता. अॅम्प्लिफायरच्या तोंडाशी दोन ट्रान्झिस्टरांची एक जोडी असते, आत आलेला सिग्नल आणि बाहेर गेलेल्याचा परत आलेला अंश यांची ती तुलना करते. या जोडीतला एक जरी बिघडला तरी आउटपुट एका बाजूला झुकतं. सोल्डरिंग आयर्नचं टोक न टेकवता त्यातल्या एका ट्रान्झिस्टरजवळ नेलं, आणि मीटरवरचा आकडा धावत सुटला. चांगला ट्रान्झिस्टर एवढ्याशा उष्णतेनं असा बिथरत नाही.

तो होता २एसए७२६. या काळच्या पायोनिअरमध्ये तो बऱ्याच ठिकाणी भेटतो आणि वयानं त्याचं काय होतं हे जुनी कामं करणाऱ्यांना पाठ आहे: आधी आवाजात चरचर, मग डीसी. म्हणून इथे मी डाव्या चॅनेलची जोडीही बदलली. सरसकट बदलायला माझा विरोध आहे, पण ज्या भागाची खोड माहीत आहे तो सोडून देणं हा हट्ट झाला असता. त्याजागी चालतो तो केएसए९९२. पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, ही आमची तीर्थक्षेत्रं. पण ट्रान्झिस्टरच्या बाबतीत डोळे उघडे ठेवावे लागतात. पॉवर ट्रान्झिस्टरांत तर एकाच्या अंगावर दुसऱ्याचं नाव छापलेला माल सर्रास येतो. मी घेतलेला प्रत्येक नग मीटरवर लावतो, छपाईवर थिनरचा बोळा फिरवून बघतो, आणि मूठभर नगांतून ज्या दोघांचा गेन जवळजवळ सारखा त्यांची जोडी लावतो. जोडी जुळली की आउटपुटचं डीसी आपोआप शून्याजवळ येतं.

नवी जोडी बसली, उजव्या चॅनेलचा आकडा काही मिलिव्होल्टांवर उतरला, आणि पुढच्या खेपेला रिले ओढला गेला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहत ते सर्किट बसलं होतं ते त्याला मिळालं.

रिले मात्र मी बदलला. त्याचे संपर्कबिंदू काळे पडले होते. लोक तिथे पॉलिश पेपर घासतात. महिनाभर बरं चालतं, मग वरचा मुलामा गेलेला असतो आणि हळू आवाजात एक चॅनेल मधूनच गायब होतो. रिले हा झिजण्यासाठीच असतो. बटणांची गोष्ट उलटी. व्हॉल्यूम, बास, ट्रेबल फिरवताना जी खरखर येते ती धुळीनं आणि बसून राहिल्यानं. कॉन्टॅक्ट क्लीनरची एक बारीक फवारणी आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर फिरवणं, एवढ्यानं बहुतेक वेळा काम होतं. गंज काढायचा घरगुती तेलकट स्प्रे इथे मारू नये. तो आतलं ग्रीस धुऊन नेतो आणि कार्बनच्या पट्टीवर तेलाचा पापुद्रा ठेवून जातो, ज्यावर पुढची धूळ येऊन बसते.

डायलचा दोरा घसरत होता. हे काम मला लहानपणापासून आवडतं. चाकाभोवती किती वेढे, कुठल्या कप्पीवरून कुठे, स्प्रिंग कुठे, सगळं मॅन्युअलमध्ये काढलेलं असतं. मासे धरायची नायलॉनची दोरी वापरू नये, ती ताणते आणि निसटते. विणलेला दोरा घ्यावा, आणि पकड हवी तर राळेचा खडा एकदा फिरवावा. दिव्यांचं म्हणाल तर आजकाल सगळे एलईडी बसवतात, थंड असतात, टिकतातही. मी फिलामेंटचेच बसवले. मागचा जुना, भाजून पिवळा पडलेला कागद काढून ट्रेसिंग पेपर कापून घातला, आणि डायलचा रंग तो आला जो कुवेतमधल्या दुकानात आतोबांनी पाहिला असेल.

मग एफएम. खिडकीत तारेचा अँटेना टांगला आणि १०१ वर विविध भारती लावली. सिग्नलचा काटा वर गेला, दुसरा मध्यावर आला आणि स्टिरिओचा लाल दिवा लागला. तो दिवा लागतो याचा अर्थ प्रसारणासोबत येणारा १९ किलोहर्ट्झचा बारीक सूर सेटनं पकडला आहे. तो सूर आपल्याला ऐकू येत नाही, पण त्याच्याच आधारानं डावं-उजवं वेगळं होतं. या सेटच्या एफएम विभागाला कारखाना सोडल्यानंतर इतकं काम बहुधा पहिल्यांदाच मिळालं असावं. कॉइलींना मी पेचकस लावला नाही. केंद्रं डायलवर छापलेल्या जागी येत होती, दोन्ही मीटर एकमेकांशी जुळत होते. तिथे आणखी सुधारणा करायची इच्छा ज्यानं त्यानं आवरावी.

संध्याकाळी भीमसेन जोशींची एक एलपी लावली. जुन्या अॅम्प्लिफायरची परीक्षा मोठ्या आवाजात होत नाही. ती होते सुरुवातीच्या तानपुऱ्यात, गायक अजून बोललेला नसताना. ट्रान्झिस्टर चरचरत असेल तर तो तिथे सापडतो. मी कान लावून बसलो. डावीकडे तानपुरा आणि त्यामागे काही नाही. उजवीकडे तानपुरा आणि त्यामागे फार हलकी घरघर, फक्त फोनोवर. एफएमवर नाही, टेपवर नाही. म्हणजे फोनो बोर्ड, किंवा माझ्याच टर्नटेबलची अर्थिंगची तार.

मी प्रत्येक सेटच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवतो. तारीख, काय बदललं, मूळ भाग कोणता होता, कुठे किती व्होल्ट आले. पुढे जो कुणी उघडेल त्याला माझ्या हातांचे माग काढत बसावं लागू नये. काढलेले भाग एका पुडीत बांधून आतच ठेवतो. आत्याच्या सेटच्या कागदावर शेवटची ओळ अजून पेन्सिलनं आहे: उजवा फोनो, हलकी घरघर, मूळ टर्नटेबल जोडून पुन्हा पाहणे. ते टर्नटेबल आत्याकडेच कपाटावर आहे. तिला फोन करून सांगितलं तर म्हणाली, "पट्टा गेलाय त्याचा, पण सुई ह्यांनी काढून वेगळी ठेवलीये, पाठवते डबीसकट." गणपतीला गावी जाऊन दोन्ही घेऊन येणार आहे.